उन्हातले समुद्री जीवाणू : अतिनील इजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात. दिवसभर त्यांच्यावर ऊन पडतं आणि ते कुठे पळून जाऊ शकत नाहीत. त्यांना होणारी इजा किरणांच्या तीव्रतेवर ठरते, असं आपण सहज धरून चालतो. पण पाण्याचा गढूळपणा, वारा, तापमान आणि अन्नाची उपलब्धता या गोष्टी तीव्रतेइतक्याच, आणि काही वेळा तिच्याहून जास्त, महत्त्वाच्या ठरतात.

अतिनील किरणांनी जीवाणूला नेमकं काय होतं?

सूर्याच्या अतिनील किरणांचे तीन पट्टे मानतात. सर्वांत घातक सी पट्टा ऑक्सिजन आणि ओझोन वरच्या वर अडवतात. तो समुद्रापर्यंत पोचत नाही. बी पट्टा (२८० ते ३१५ नॅनोमीटर) थोडासाच खाली येतो, पण डीएनए त्याला थेट शोषून घेतो. मग डीएनएच्या एकाच धाग्यावर शेजारी असलेले दोन थायमिन, किंवा थायमिन आणि सायटोसिन, एकमेकांना चिकटतात. या जोडगोळीला डायमर म्हणतात. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम तिथे येऊन अडकतं.

ए पट्ट्याचं (३१५ ते ४०० नॅनोमीटर) काम आडमार्गाने चालतं. डीएनए त्याला फारसा शोषत नाही. पेशीतले इतर रेणू मात्र शोषतात आणि त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात : सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, सिंग्लेट ऑक्सिजन. ही प्रथिनं, पेशीचं आवरण आणि डीएनए या सगळ्यांनाच इजा करतात. ए पट्टा सौम्य असतो या समजुतीला फारसा अर्थ नाही. पृष्ठभागावर तो बी पट्ट्याच्या अनेक पट असतो आणि पाण्यात खोलवरही जातो.

इजा झाली म्हणजे जीवाणू मेलाच असं नाही. बहुतेक वेळा तो आधी मंदावतो. पाण्यातलं ल्युसिन किंवा थायमिडिन (प्रथिनं आणि डीएनए बनवायला लागणारे छोटे रेणू) किती वेगाने पेशीत घेतलं जातं, यावरून संशोधक ही मंदी मोजतात.

मग दुपारपर्यंत सगळे मरत का नाहीत?

कारण दुरुस्ती सतत चालू असते, आणि तिचा एक मोठा भाग उन्हावरच चालतो. फोटोलायेज नावाचं एन्झाइम डायमरला चिकटतं, निळ्या किंवा ए पट्ट्यातल्या प्रकाशाचा (साधारण ३५० ते ४५० नॅनोमीटर) एक कण पकडतं आणि त्या ऊर्जेने जोडगोळी सोडवतं. अतिनील मारा झालेल्या सूक्ष्मजीवांवर नंतर साधा उजेड पडला तर ते पुन्हा जगतात, हे १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांनी दाखवलं. त्याच वर्षी रेनाटो डल्बेको यांना जीवाणूभक्षी विषाणूंमध्येही तेच दिसलं. पुढे या एन्झाइमवर कामाची सुरुवात केलेल्या अझीझ संजार यांना डीएनए दुरुस्तीच्या संशोधनासाठी २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

दुसरी दुरुस्ती अंधारातही चालते. काही प्रथिनं मिळून डीएनएचा खराब तुकडा कापून काढतात आणि नवा भरतात. तिला प्रकाश लागत नाही, पण पेशीची स्वतःची ऊर्जा खर्च होते.

म्हणजे हा सगळा खड्डे पडण्याचा वेग आणि खड्डे बुजवण्याचा वेग यांच्यातला हिशेब आहे. परिस्थिती बदलली की यातला एक वेग बदलतो, किंवा दोन्ही बदलतात, आणि बहुतेक वेळा सारख्या प्रमाणात बदलत नाहीत. मेक्सिकोच्या आखातात वेड जेफ्री आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात समुद्रातल्या जीवाणूंमधले डायमर दिवसरात्र मोजले. उन्हाबरोबर ते साचत गेले आणि रात्री कमी झाले. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला की पुन्हा तेच चक्र.

पाणी किती खोलीपर्यंत संरक्षण देतं?

एकच आकडा सांगणं शक्य नाही, कारण शुद्ध पाणी अतिनील किरणांना फारसं अडवत नाही. अडवतात ते पाण्यातले पदार्थ : गाळ, शैवालं आणि सर्वांत जास्त म्हणजे कुजलेल्या पानापाचोळ्यातून आलेले, पाण्याला पिवळट छटा देणारे विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. नदीच्या मुखापाशी बी पट्टा काही सेंटिमीटरांत संपू शकतो. दक्षिण प्रशांत महासागराच्या मधोमध, जमिनीपासून सर्वांत दूरच्या भागात, पाणी इतकं निवळ आहे की २००४ च्या एका फ्रेंच मोहिमेत ३०५ नॅनोमीटरचा प्रकाश पृष्ठभागाच्या दहा टक्के उरायला २८ मीटर खोली लागली. ३८० नॅनोमीटरसाठी ती ११० मीटर निघाली.

या दोन आकड्यांमधलं अंतर फार महत्त्वाचं आहे. खाली जाताना इजा करणारा प्रकाश आधी संपतो आणि दुरुस्ती करणारा प्रकाश बराच खाली जातो. त्यामुळे मधल्या थरातल्या जीवाणूला घाव कमी आणि उपचाराचा उजेड भरपूर मिळतो. दिवसाच्या वेळांनाही हेच लागू आहे. सकाळ-संध्याकाळ सूर्यकिरणांना ओझोनमधून तिरपा, लांबचा रस्ता कापावा लागतो, म्हणून बी पट्टा गाळला जातो आणि निळा उजेड उरतो. संध्याकाळचं ऊन जीवाणूंसाठी बरंचसं औषधाचं असतं.

अरबी समुद्रात, आपल्या बाजूला, कधी जास्त त्रास होत असेल?

इथे आधी सूर्याचा हिशेब मांडू. मुंबईत शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. दुसऱ्या वेळी आकाश ढगांनी भरलेलं असतं, त्यामुळे खरा मारा एप्रिल-मेचाच. त्यात उष्ण कटिबंधावरचा ओझोनचा थर मुळातच पातळ आहे, साधारण अडीचशे ते पावणेतीनशे डॉब्सन एकक (ओझोन मोजायचं माप). स्वच्छ आकाशाच्या दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक मोजपट्टीवर ही सर्वांत वरची पायरी आहे.

आता समुद्राचा हिशेब. एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला असतो आणि पृष्ठभागाचं पाणी तिशीच्या आसपास तापलेलं असतं. गरम, हलकं पाणी वर तरंगतं आणि खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. मिसळणारा वरचा थर अवघ्या वीस-तीस मीटरांचा उरतो. खालून पोषक क्षार येत नाहीत, शैवालं कमी होतात, पाणी निवळतं आणि किरण खोल जातात. म्हणजे कडक ऊन, निवळ पाणी, उथळ थर आणि अन्नाची टंचाई हे सगळं एकाच वेळी. मला विचाराल तर वर्षभरातली ही सर्वांत कठीण वेळ. याच दिवसांत समुद्रावर ट्रायकोडेस्मियम या नीलहरित जीवाणूचे भुशासारखे तवंग दिसतात. तो हवेतला नायट्रोजन स्वतःच वापरतो, आणि त्याच्या पेशींत मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं असतात, जी अतिनील किरण शोषून घेतात. तो या हंगामात का फोफावतो, याच्या उत्तरात या दोन्ही गोष्टी येतात.

पावसाळा सगळं उलटं करतो. मांडवी, झुआरी, सावित्री, वाशिष्ठी या नद्या लाल-तांबडा गाळ आणि जंगलातल्या मातीचा अर्क खाडीत आणून ओततात. किनाऱ्यालगतच्या जीवाणूंना मग अतिनील किरणांची फारशी चिंता उरत नाही. दूर समुद्रात नैऋत्य मोसमी वारे पाणी खोलवर घुसळतात. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर कोरडे, गार वारे वाहतात. पृष्ठभागाचं पाणी थंड आणि जड होऊन बुडतं, आणि मिसळणारा थर शंभर मीटरांपर्यंत जाऊ शकतो. तिथे एखादा जीवाणू दिवसातला थोडाच वेळ उन्हात असतो.

वारा आणि लाटांनी इजा कमी होते की जास्त?

मेक्सिकोच्या आखातात समुद्र शांत असताना डायमर पृष्ठभागाशी सर्वांत जास्त आणि खाली कमी होत गेलेले दिसले. मध्यम वारा सुटल्यावर हा उतार पुसला गेला. ढवळणीमुळे प्रत्येक पेशी थोडा वेळ वर आणि बराच वेळ खाली राहते, खाली गेल्यावर दुरुस्ती होते.

पण ढवळणं सरसकट चांगलं असं म्हणता येणार नाही. खाली राहणाऱ्या, उन्हाची सवय नसलेल्या पेशीही त्यात वर ओढल्या जातात. सवयीचा मुद्दाही वाटतो तितका सरळ नाही. गेरहार्ड हर्न्डल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात उत्तर एड्रियाटिक समुद्रावरचं काम प्रसिद्ध केलं. थर पक्के बनलेल्या पाण्यातसुद्धा वरचे जीवाणू खालच्यांइतकेच उन्हाला हळवे निघाले. त्याच कामात किनाऱ्याजवळच्या वरच्या पाच मीटरांत बी पट्ट्यामुळे जीवाणूंची क्रिया सुमारे ४० टक्क्यांनी मंदावलेली आढळली.

थंड पाण्यातले जीवाणू जास्त सुरक्षित असतात का?

उलट असण्याची शक्यता जास्त. डायमर बनणं ही प्रकाशाची क्रिया आहे. पाणी दोन अंशांवर असो की अठ्ठावीस, किरण पडला की ती जवळपास त्याच वेगाने होते. दुरुस्ती हे एन्झाइमचं काम आहे, आणि एन्झाइम थंडीत मंदावतं. फोटोलायेजचा प्रकाश पकडण्याचा टप्पा तापमानाला फारसा जुमानत नाही, पण त्याआधी डायमर शोधून त्याला चिकटायचं असतं. अंधारातली दुरुस्ती तर अनेक टप्प्यांची आहे, तिला थंडी जास्त जाणवते. ध्रुवीय जीवाणूंची एन्झाइमं थंडीला जुळवून घेतलेली असतात, हे खरं. पण उबदार पाण्यात वाढलेली जात अचानक थंड पाण्यात सापडली तर तिचा हिशेब लवकर तोट्यात जातो. म्हणून किरण पडत असतानाच्या तापमानाबरोबर, त्याआधी पेशी कुठल्या तापमानात वाढली हेही पाहावं लागतं.

उपाशी जीवाणू लवकर मरतो का?

अंधारातल्या दुरुस्तीला ऊर्जा लागते, नवा डीएनए भरायला फॉस्फरस आणि नायट्रोजन लागतो. त्यामुळे टंचाईत ती महाग पडते. फोटोलायेज स्वस्त आहे, त्याची मजुरी सूर्य देतो.

गुंतागुंत अशी की उपासमार सुरू झाल्यावर बरेच जीवाणू वाढ थांबवतात आणि ताणाशी लढणारी प्रथिनं बनवतात. अशा पेशी पेरॉक्साइडला आणि इतर तडाख्यांना उलट जास्त चिवट होतात. शिवाय डीएनएची नक्कल चाललेली नसल्याने डायमरपाशी अडकण्याचा प्रसंगही कमी येतो. व्हिब्रिओ नॅट्रिजेन्ससारखी जात पोषक द्रावणात दहा मिनिटांच्या आत दुप्पट होते. अलास्काच्या रिझरेक्शन उपसागरातून वेगळा केलेला स्फिंगोपिक्सिस अलास्केन्सिस मुळातच हळू वाढणारा, अतिसूक्ष्म, अर्धपोटी राहायला सरावलेला. या दोघांना एकाच अतिनील दिव्याखाली ठेवून निघालेला आकडा समुद्राचा सरासरी आकडा म्हणून वापरू नये.

म्हणजे जातीजातींत फरक असतो?

खूप. समुद्रात सर्वांत जास्त संख्येने असलेला सार-११ हा गट भूमध्य समुद्रातल्या प्रयोगांत उन्हाला हळवा दिसला, तर गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया आणि बॅक्टेरॉयडेट्स या गटांतले बरेच तुलनेने टिकले. 

प्रोक्लोरोकॉकस या उन्हावर अन्न बनवणाऱ्या अतिसूक्ष्म समुद्री जीवाणूची कथा तर आणखी वेगळी. समुद्रात उन्हामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड सतत तयार होत असतं, आणि ते मोडणारं कॅटलेज एन्झाइम याच्याकडे नाही. शेजारचे इतर जीवाणू पेरॉक्साइड साफ करतात, हा त्यावर जगतो. शेजारी एखादं काम करत असतील तर ते करणारी जनुकं गमावणं परवडतं, असं सांगणारं 'ब्लॅक क्वीन' गृहीतक २०१२ मध्ये मांडलं गेलं, ते याच निरीक्षणावर उभं आहे. म्हणजे एखाद्या जातीचा अतिनील सोसण्याचा गुण तिच्या शेजाऱ्यांवरही अवलंबून असू शकतो. नळीत एकच जात वेगळी वाढवली तर हे दिसतच नाही.

सनस्क्रीनचं विचाराल, तर बहुतेक समुद्री जीवाणूंना ते परवडत नाही. एक मायक्रोमीटरपेक्षा लहान पेशीत किरणाला कापायचा रस्ताच इतका तोकडा असतो की तो अडवायला रंगद्रव्य अशक्य प्रमाणात भरावं लागेल. पेशी मोठ्या किंवा गुच्छात असतील, ट्रायकोडेस्मियमसारख्या, तरच ते जमतं. पिवळ्या-केशरी वसाहतींतली कॅरोटिनॉइडं किरण अडवण्यापेक्षा सिंग्लेट ऑक्सिजन निकामी करायला जास्त उपयोगी पडतात. आणि समुद्राच्या अगदी वरच्या पापुद्र्यात राहणारे जीवाणू जास्त चिवट असतील ही अपेक्षाही वायव्य भूमध्य समुद्रातल्या तुलनेत खरी ठरली नाही. खालच्या पाण्यातले आणि पापुद्र्यातले जवळपास सारखेच निघाले.

ढगाळ दिवशी काय होतं?

दाट ढग बी पट्टा बराच कमी करतात. तुटक ढगांच्या कडांवरून किरण परावर्तित होऊन काही क्षण तीव्रता स्वच्छ आकाशापेक्षाही वाढू शकते. बी पट्ट्याचा बराच भाग थेट सूर्याकडून न येता विखुरून साऱ्या आकाशातून येतो, त्यामुळे नुसत्या सावलीने तो पूर्ण टळत नाही.

ओझोनचं छिद्र आता बुजतंय, मग हा विषय जुना झाला का?

अंटार्क्टिकावरची घट फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ मध्ये जाहीर केली आणि १९८७ मध्ये ओझोन घटवणारी रसायनं रोखणारा माँट्रियल करार झाला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार जगाच्या बहुतेक भागांत ओझोन २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. पण जीवाणूवर पडणारा मारा फक्त ओझोन ठरवत नाही. समुद्र तापला की वरचा थर उथळ होतो आणि जीवाणू उन्हात अडकतात. समुद्री बर्फ वितळला की त्याखालचं पाणी उघडं पडतं. दुसरीकडे पाऊस आणि नद्या बदलल्या तर पिवळट सेंद्रिय पदार्थ वाढून काही किनारे उलट जास्त झाकले जातील. उत्तर जागेनुसार बदलतं, म्हणून विषय चालू आहे.

उन्हाचा जीवाणूंना काही फायदाही होतो का?

होतो. मोठे, चिवट सेंद्रिय रेणू अतिनील किरणांनी तुटतात आणि जीवाणूंना सहज खाता येतील असे छोटे तुकडे तयार होतात. ऊन ओसरल्यावर किंवा पाणी खाली गेल्यावर हे अन्न कामी येतं. शिवाय अतिनील किरण जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंनाही निकामी करतात. मात्र तसा जखमी विषाणू जीवाणूत शिरला तर जीवाणूचंच फोटोलायेज त्याचा डीएनए दुरुस्त करून देतं. घरात घेतलेल्या चोराची मलमपट्टी करावी, तसलाच प्रकार.

सांडपाण्यातले जंतू समुद्रात उन्हाने मरतात, मग काळजी कशाला?

हा प्रश्न मुंबईकडून हमखास येतो. ई. कोलाय आणि एंटेरोकॉकस हे आतड्यातले जीवाणू निवळ, खाऱ्या, उन्हातल्या पाण्यात लवकर घटतात, हे खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचवर त्यांचे आकडे रात्री जास्त आणि दुपारी कमी असल्याचं दिसलं आहे. ए पट्टासुद्धा मारक असतो, म्हणूनच पारदर्शक पेट बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवण्याची पद्धत चालते. पेट प्लास्टिक बी पट्टा अडवतं.

पण सांडपाणी असतं तिथलं पाणी गढूळ असतं. कणाला चिकटलेला जीवाणू त्याच्या सावलीत राहतो. पावसाळ्यात, म्हणजे गटारं भरून वाहतात तेव्हा, ऊन नसतं आणि खारटपणाही उतरलेला असतो. आणखी एक पेच आहे. इजा झालेला जीवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत, पोषक माध्यमावर वाढत नाही, पण जिवंत असू शकतो. पटकीचा जंतू आणि ई. कोलाय यांची ही अवस्था रीटा कोलवेल यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवली होती. वसाहती शून्य आल्या म्हणजे पाणी स्वच्छ, असं समजू नये. दुपारी बारा वाजता घेतलेल्या एकाच नमुन्यावर तर मी मुळीच भरवसा ठेवणार नाही.

कॉलेजच्या प्रकल्पात हे कसं तपासता येईल?

निर्जंतुकीकरणाचा २५४ नॅनोमीटरचा दिवा टाळा. तो सी पट्टा देतो, समुद्रात तो नसतो, आणि डोळ्यांना धोका आहे तो वेगळाच. खरं ऊन वापरा. नमुना क्वार्ट्झच्या नळीत घेतला तर तिन्ही प्रकारचा प्रकाश आत जातो : बी, ए आणि दृश्य. साधी काच बी पट्ट्याचा बहुतेक भाग अडवते आणि ए पट्टा आत सोडते. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मनेही हेच साधतं. प्लास्टिकच्या पेट्री डिशचं झाकण मात्र लावलेलं ठेवू नका, तेही बी पट्टा खातं, आणि मग निकालात काहीच फरक का दिसत नाही म्हणून डोकं खाजवावं लागतं. एक नळी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून तुलनेसाठी अंधारातली जोडी म्हणून ठेवा.

सगळ्या नळ्या वाहत्या समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवा. नाहीतर उन्हात त्या तापतील आणि जीवाणू अतिनील किरणांनी मेले की उष्णतेने, हे सांगता येणार नाही. समुद्रावरून घेतलेला नमुना गच्चीवर उन्हात ठेवेपर्यंतचा वेळही लिहून ठेवा, कारण त्या वेळात दुरुस्ती सुरू झालेली असते. उन्हातून काढल्यावर प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक लगेच अंधारात ठेवा, दुसरा तास-दोन तास निळ्या किंवा पांढऱ्या दिव्याखाली, आणि मग दोन्ही झोबेल मरीन अगारवर (समुद्री जीवाणू वाढवायच्या पोषक माध्यमावर) पसरा. दिव्याखालच्या भागातून जास्त वसाहती आल्या तर तो फोटोलायेजचा हात. समुद्री जीवाणूंपैकी एक टक्क्याहूनही कमी या माध्यमावर वाढतात, तेव्हा अहवालात 'समुद्रातले जीवाणू' असं न लिहिता 'या माध्यमावर वाढणारे जीवाणू' असं लिहा. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.